हरवलेली वसाहत पत्ता लिहून गेली होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत उत्तर अमेरिकेतल्या रोआनोक बेटावरच्या ‘गायब’ इंग्रजांवर पानभर लेख आला. मधोमध धुक्यातली झाडे, खाली कवटी आणि शेवटी प्रश्न : आदिवासींनी मारले, समुद्राने गिळले की परग्रहावरच्या पाहुण्यांनी उचलून नेले? गोव्यातल्या आमच्या म्हार्दोळला त्या दिवशी चहाबरोबर हाच विषय होता आणि परग्रहवाल्यांना बऱ्यापैकी मते पडली. मी उसगावच्या धक्क्यावरून खनिज भरून मुरगावला नेणाऱ्या बार्जींवर हयात काढली. खलाशी म्हणून चढलो, मास्टर होऊन उतरलो. त्यामुळे मला खटकली ती कवटी नव्हे. अख्ख्या लेखात समुद्रच नव्हता. वाळूचा दांडा नाही, वारा नाही, नांगर नाही. या गोष्टीतून नांगर काढून घेतला की मग भुताशिवाय काही उरत नाही.

मूळ हकीकत लेखात आली आहेच, तरी ज्यांनी पुरवणी बघितली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सर वॉल्टर रॅलेने १५८४ साली एलिझाबेथ राणीकडून उत्तर अमेरिकेत वसाहत करण्याचा परवाना मिळवला. १५८५ मध्ये राल्फ लेनच्या हाताखाली शंभरावर पुरुष रोआनोकला उतरले आणि वर्षभरात टेकीला येऊन फ्रान्सिस ड्रेकच्या जहाजांतून परत गेले. १५८७ मध्ये जॉन व्हाइट हा चित्रकार गव्हर्नर म्हणून आला. या खेपेला बायका-मुलेही होती, सगळी मिळून सुमारे ११५ माणसे. १८ ऑगस्ट १५८७ रोजी व्हाइटच्या मुलीला तिथेच मुलगी झाली, व्हर्जिनिया डेअर. नात नऊ दिवसांची असताना आजोबा रसद आणायला इंग्लंडला निघाले. पुढच्या वर्षी स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून आले, जहाजे बंदरात अडकली. १५८८ च्या वसंतात व्हाइटला दोन लहान गलबते मिळाली होती, पण वाटेत फ्रेंच चाच्यांनी ती लुटली आणि तो डोक्याला जखमा घेऊन परतला. तो रोआनोकला पुन्हा पोचला ऑगस्ट १५९० मध्ये. वसाहतीत माणूस नव्हता.

इथवर लेख ठीक आहे. पुढे म्हटले आहे की ‘झाडावर एक गूढ शब्द कोरलेला आढळला, ज्याचा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही’. हे साफ चूक आहे. किनाऱ्यावरच्या झाडावर तीन रोमन अक्षरे होती, CRO म्हणजे ‘क्रो’ एवढीच. पूर्ण शब्द होता तो वसाहतीच्या कुंपणाच्या एका खांबावर, साल सोलून, जमिनीपासून पाच फुटांवर, मोठ्या सुबक अक्षरांत : क्रोआटोअन. आणि त्याचा अर्थ व्हाइटला तिथल्या तिथे लागला होता. क्रोआटोअन म्हणजे दक्षिणेकडचे बेट, आजच्या हॅटरस बेटाचा भाग. मँटिओ नावाचा जो स्थानिक माणूस इंग्लंडला जाऊन आला होता आणि इंग्रजांचा मित्र होता, त्याचा जन्म तिथला. निघण्यापूर्वी व्हाइटचे आणि मंडळींचे ठरलेच होते की जागा बदलली तर नव्या जागेचे नाव कोरून ठेवायचे, आणि संकटात सापडून जावे लागले तर त्यावर क्रूस कोरायचा. क्रूस नव्हता. घरे जाळलेली नव्हती, उतरवून नेलेली होती. होड्या नव्हत्या, हलक्या तोफा नव्हत्या. लोखंडाच्या कांबी, शिशाच्या लगडी आणि जड तोफा गवतात पडलेल्या होत्या, म्हणजे जे उचलून नेण्यासारखे नव्हते तेवढेच मागे. व्हाइटने जाताना पुरून ठेवलेल्या पेट्या मात्र कुणीतरी उकरल्या होत्या. त्याची पुस्तके फाटलेली, नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजलेले. तरीही त्याने लिहून ठेवले आहे की माणसे क्रोआटोअनला सुखरूप असल्याची खूण पाहून त्याला आनंद झाला. ज्याची मुलगी आणि नात त्या वसाहतीत होती तो माणूस आनंदला, आणि आपण सव्वाचारशे वर्षांनी कवट्या छापतो.

आता प्रश्न असा की पत्ता मिळाला, मग तो गेला का नाही? माझ्या मते या प्रकरणातला हा एकच खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर व्हाइटनेच दिवसवार दिले आहे. ते वाचायला खलाशाचे डोळे हवेत.

प्रथम तो किनारा. माझी लेक नॉर्थ कॅरोलायना राज्यात केरी या गावी असते. (शेजारच्या राजधानीचे नावच रॅले आहे, त्या परवानेवाल्या सर वॉल्टरवरून, जो स्वतः या किनाऱ्यावर कधी उतरला नाही.) तिच्याकडे गेलो असताना मी हट्टाने जावयाला तिकडे गाडी काढायला लावली. मुख्य जमिनीच्या पुढे उथळ खाडीचे अफाट पाणी, आणि त्याच्याही पुढे समुद्राला आडवी पडलेली वाळूची लांबच लांब अरुंद पट्टी. रोआनोक बेट त्या पट्टीच्या आत. समुद्रातून आत यायचे तर पट्टीला जिथे भगदाड पडले असेल तिथून. ही भगदाडे वादळात उघडतात आणि बुजतात. आज तिथे जे मोठे मुख आहे, ऑरेगॉन इनलेट, ते १८४६ च्या वादळात फुटले. व्हाइटच्या वेळचे मुख आज नाही. खाली हॅटरसच्या टोकाशी उबदार गल्फ प्रवाह आणि उत्तरेचे थंड पाणी समोरासमोर येतात आणि वाळूचे दांडे मैलोन्मैल समुद्रात शिरतात. अटलांटिकचे कबरस्तान म्हणतात त्या जागेला. अमेरिकी यादवीतले मॉनिटर हे लोखंडी चिलखताचे लढाऊ जहाज ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे तिथेच बुडाले. हॅटरसचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ समुद्र खात खात पायाशी आला म्हणून १९९९ मध्ये अख्खाच्या अख्खा उचलून जवळजवळ ९०० मीटर आत नेऊन ठेवला. मी तो पाहिला. दीपस्तंभाला घर बदलावे लागते तिथे कुडाच्या कुंपणाचे काय घेऊन बसलात?

आता आपल्याकडे पाहा. आग्वादच्या तोंडाशी मांडवीवर वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तो जहाजांना बंद असतो, आणि खनिजाच्या बार्जी कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरून मुरगाव गाठतात. ही वाट आम्हाला आहे म्हणून आम्ही वाचतो. तरी जूनच्या पहिल्या फटक्यात बाहेर सापडलेला कुठलाही मास्टर सांगेल की दांड्यावर लाट कशी उभी राहते. रिव्हर प्रिन्सेस हे जहाज जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतले आणि बारा वर्षे तिथेच गंजत पडले, ते आपण सगळ्यांनीच पाहिले. एंजिन, लोखंडी साखळी, वायरलेस, हवामानखात्याचे इशारे सगळे असताना.

व्हाइटकडे यातले काही नव्हते. जहाजही त्याचे नव्हते. होपवेल हे खासगी लुटारू जहाज, कप्तान अब्राहम कॉक. मार्च १५९० मध्ये प्लिमथहून निघताना या लोकांनी वसाहतीसाठी नवी माणसे, सामान घ्यायला नकार दिला. व्हाइट आणि त्याची पेटी, बस. हाताखाली एक पोऱ्यासुद्धा घेऊ दिला नाही. मग चार-पाच महिने वेस्ट इंडीजमध्ये स्पॅनिश जहाजांच्या मागे. ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे ऐन तुफानांच्या मोसमात, ते या किनाऱ्याला लागले. रोआनोककडे धूर दिसला, आशा वाटली. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे धूर दिसला, तिकडे दिवसभर पायपीट केली, तिथे कुणी नव्हते. १७ तारखेला मुखातून होड्या आत घेताना ईशान्येच्या वाऱ्यात लाट आडवी आली आणि मूनलाइट या जोडीच्या जहाजाची होडी उलटली. कप्तान एडवर्ड स्पायसरसह सात जण बुडाले. उरलेले खलाशी म्हणाले, आता पुढे नको. कसेबसे मनवून व्हाइट अंधार पडता पडता बेटाच्या उत्तर टोकाला पोचला. झाडीत आग दिसली. त्यांनी होडीतूनच नांगर टाकला, तुतारी वाजवली, इंग्रजी गाणी म्हटली. उत्तर आले नाही. सकाळी उतरून पाहतात तो वाळके गवत आणि कुजकी झाडे पेटलेली. तो दिवस १८ ऑगस्ट. नातीचा तिसरा वाढदिवस.

खांबावरचे नाव त्याच दिवशी वाचले. ठरले की दुसऱ्या सकाळी क्रोआटोअनला जायचे. रात्री वारा वाढला. सकाळी नांगर उचलताना तो जवळपास वर आला आणि दोर तुटला. त्यांचा दोर वाखाचा, आमच्यासारखी साखळी नव्हे. एक नांगर आधीच गेलेला, हा दुसरा. तिसरा टाकला, तो वाळूत धरेना, जहाज घसरत किनाऱ्याकडे. तिसराही दोरासकट सोडून द्यावा लागला. किनाऱ्यालगत योगायोगाने खोल पाण्याचा चर सापडला नसता तर होपवेलचा त्या दिवशीच निकाल लागला असता. चार नांगरांपैकी आता एक उरला. पाण्याची पिपे किनाऱ्यावर राहिलेली, शिधा संपत आलेला, हवा बिघडत चाललेली.

एका नांगरावर हॅटरसच्या टोकाला जा म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मीही गेलो नसतो. माझ्याही नोकरीत एकदा आग्वादबाहेर नांगर गेला आहे आणि मालकांच्या हपिसात त्यावरून काय काय ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही. पण नांगर गेल्यावर पोटात जे होते ते मला ठाऊक आहे. कॉक म्हणाला, हिवाळा वेस्ट इंडीजमध्ये काढू, वसंतात परत येऊ. मूनलाइट गळत होते, ते सरळ घरी निघाले. होपवेलला वाऱ्याने अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडे लोटले आणि २४ ऑक्टोबर १५९० रोजी व्हाइट प्लिमथला उतरला. क्रोआटोअनला तो पुन्हा कधीच पोचला नाही. १५९३ मध्ये आयर्लंडहून त्याने सफरींच्या हकीकती जमवून छापणाऱ्या रिचर्ड हॅकलूटला या सफरीची हकीकत लिहून पाठवली, ती हॅकलूटने छापली म्हणून आज आपल्याला नांगरांचा हिशेब लागतो.

(याच हॅकलूटने थॉमस स्टीफन्सचे गोव्याहून वडिलांना लिहिलेले पत्रही छापले आहे. क्रिस्तपुराणवाले आपले पाद्री स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. इंग्रज पोरे रोआनोकला खेकडे पकडत होती तेव्हा हा इंग्रज साष्टीत आपली भाषा शिकत होता. लेखकाने गोव्याचा धागा शोधायला परग्रहावर जायची गरज नव्हती.)

गोव्याचा दुसरा धागा तर थेट या प्रकरणातच आहे आणि लेखाने तो वाईट रीतीने वापरला आहे. ‘दगाबाज पोर्तुगीज सुकाणूवाला’ अशी चौकट टाकली आहे. तो म्हणजे सायमन फर्नांडिस, अझोर्समधल्या टर्सेरा बेटाचा. फर्नांडिस आडनाव आमच्याकडे वाड्यावाड्यावर, तेव्हा लोकांनी ती चौकट जरा जास्तच आवडीने वाचली. आरोप असा : वसाहत खरे तर उत्तरेला चेसापीकच्या आखातात व्हायची होती, रोआनोकला फक्त लेन परतल्यावर तिथे ठेवलेल्या पंधरा पहारेकऱ्यांची विचारपूस करायची होती. पण फर्नांडिसने मंडळींना तिथेच उतरवले आणि मोसम संपत आला म्हणून पुढे न्यायला नकार दिला. आता हा आरोप करणारा साक्षीदार एकच, जॉन व्हाइट. फर्नांडिसचा शब्द कुठे नाही. व्हाइट म्हणतो त्याला लुटीला जायची घाई होती. घाई होती तर २२ जुलैला पोचलेला माणूस २७ ऑगस्टपर्यंत जहाज घेऊन तिथेच कसा थांबला? तो त्या वसाहतीच्या बारा सहायकांच्या यादीतही होता, म्हणजे पैशाने-नावाने त्यात गुंतलेला. या किनाऱ्याचे पाणी आधीच्या दोन सफरींत त्याने पाहिले होते आणि रोआनोकला जाणाऱ्या मुखाला इंग्रजांनीच त्याचे नाव दिले होते, पोर्ट फर्डिनँडो. १५८५ मध्ये त्याच्याच हाताखाली टायगर हे जहाज दांड्यावर चढून धान्य भिजले हेही खरे, तेव्हा तो काही देवमाणूस नव्हे. पण जहाजावर बिघडले की सुकाणूवाल्यावर ढकलायचे, ही रीत फार जुनी. गव्हर्नर व्हाइट होता. हुकूम द्यायचा होता, दिला नाही.

आणि लोकांना रोआनोकला उतरवणे वाईट का ठरले, तर आधीच्या लेनसाहेबांनी तिथे काय करून ठेवले होते म्हणून. एक चांदीचा पेला चोरीला गेला म्हणून इंग्रजांनी अक्वास्कोगोक हे गाव उभ्या मक्यासकट जाळले. इंग्रज ज्या गावांत जाऊन येत तिथे माणसे पटापट मरू लागत. थॉमस हॅरियट या त्यांच्याच विद्वानाने हे नोंदले आहे. रोग काय तो कुणाला कळत नव्हता. वर्षभर लेनची माणसे स्थानिकांच्या मक्यावर जगली आणि १ जून १५८६ रोजी भेटीच्या निमित्ताने जाऊन त्यांनी विंगिना या तिथल्या प्रमुखाला ठार मारले. कुंकळ्ळीच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथल्या गावकरांना पोर्तुगीजांनी असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून कसे मारले, आणि तेही याच सुमारास, ते त्यांना पाठ आहे. १५८७ च्या जुलैत जॉर्ज हाउ नावाचा इंग्रज एकटाच पाण्यात उतरून काटकीने खेकडे पकडत होता, त्याला बाणांनी टिपले ते या हिशेबात. त्याचा सूड घ्यायला व्हाइटने पहाटे छापा घातला तो चुकून क्रोआटोअनच्याच मित्रांवर. तरी त्यांनी मैत्री तोडली नाही. त्यांच्याकडेच हे लोक शेवटी आसऱ्याला गेले, याबद्दल लेखात एक ओळ असायला हवी होती. ‘आदिवासींनी मारले?’ या मथळ्याखाली तर नक्कीच.

मग झाले काय? दुष्काळ तर होताच. तिकडच्या दलदलीतल्या जुन्या सायप्रस झाडांच्या खोडातली वर्तुळे मोजून १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की १५८७ ते १५८९ ही तीन वर्षे त्या भागात आठशे वर्षांतली सर्वांत कोरडी होती. शंभरावर माणसांना एका लहान बेटावर कुणी पोसू शकले नसते, तेव्हा ती विभागून गेली असणार असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्हाइट निघायच्या आधीच मुख्य जमिनीत पन्नास मैल आत जाण्याचा विचार चालला होता, हे त्यानेच लिहिले आहे. त्याने काढलेला नकाशा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर चिकटवलेल्या एका कागदाच्या तुकड्याखाली किल्ल्याची खूण लपलेली आहे हे २०१२ मध्ये उजेडात आले, आणि ती जागा खाडीच्या वरच्या टोकाला बर्टी परगण्यात पडते. तिथे खणल्यावर त्या काळची इंग्रजी खापरे मिळाली. हॅटरस बेटावर ब्रिस्टॉल विद्यापीठाच्या लोकांनी खणले तिथे तलवारीची मूठ आणि लिहायच्या पाटीचा तुकडा मिळाला. काही जण म्हणतात या वस्तू नंतरच्या व्यापारात आल्या असतील. म्हणू देत. वाद वस्तूंच्या तारखेचा आहे, माणसे हवेत विरली की काय याचा नाही. १६०७ मध्ये जेम्सटाऊन ही पुढची इंग्रज वसाहत वसली तेव्हा तिथल्या इंग्रजांना पॉव्हाटन या स्थानिक प्रमुखाने आपण त्या लोकांना मारले असे सांगितल्याचे लिहिलेले आहे. आतल्या भागात गेलेल्यांपैकी काहींचे तसे झालेही असेल. आणि अठराव्या शतकाच्या आरंभी जॉन लॉसन हा इंग्रज प्रवासी हॅटरसच्या स्थानिकांना भेटला, तर ते सांगत की आमचे काही पूर्वज गोरे होते आणि पुस्तकातून बोलत. त्यांच्यातल्या अनेकांचे डोळे करडे असल्याचे लॉसनने लिहून ठेवले.

त्या वेळी शोध घेणारे फक्त इंग्रज नव्हते. स्पॅनिशही या वसाहतीच्या मागावर होते. जून १५८८ मध्ये विसेन्ते गोन्झालेस या कप्तानाला रोआनोकपाशी होड्या ओढायचा उतार आणि पिपे पुरून केलेल्या विहिरी दिसल्या. त्यांचा राजा दुसरा फिलिप, आणि त्या वर्षांत पोर्तुगालचाही तोच, म्हणजे आमच्या जुन्या गोव्याचाही तोच. व्हाइटची मुलगी एलेनॉर डेअर ज्या राजाच्या जहाजांना भ्यायची त्याच राजाच्या नावाने जुन्या गोव्यात हुकूम निघत होते.

मी म्हार्दोळचा, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमची म्हाळसा मूळची वेर्ण्याची. पोर्तुगीजांनी साष्टीत देवळे पाडायला घेतली तेव्हा लोकांनी देवी उचलली, जुवारी ओलांडली आणि आदिलशाही मुलखात अंत्रुजला, म्हणजे आजच्या फोंड्यात, येऊन बसले. मंगेशी कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून. देवीबरोबर वाड्याचे नावही आले : वेर्ण्याला आजही जुने म्हार्दोळ आहे. त्या वर्षी कुणी पाहुणा साष्टीत येऊन पाहता तर त्याला मोकळी घरे, मोडके देऊळ आणि रान दिसले असते. त्याला नदीच्या या बाजूला यायला होडी मिळाली नसती तर त्यानेही आमच्यावर ‘गायब झालेले लोक’ म्हणून लिहिले असते, आणि आम्ही इकडे चार कोसांवर जत्रा करीत बसलो असतो. क्रोआटोअनलाही होडी मिळाली नाही. पुढच्या वर्षांत रॅलेने शोधाला माणसे पाठवली तीही पोचली नाहीत. १६०२ मध्ये गेलेले जहाज औषधी झाडे, मुळ्या गोळा करून परतले, कारण त्याला विकत घेणारे गिऱ्हाईक होते. हरवलेल्यांना नव्हते.

‘रहस्य’ हे पीक बरेच नंतरचे, आणि त्यावर पोट भरणारेही नंतरचे. १९३७ मध्ये एलेनॉर डेअरच्या हस्ताक्षराचा म्हणून एक कोरीव दगड ‘सापडला’, मग बक्षिसाच्या लोभाने आणखी डझनावारी सापडले, आणि १९४१ मध्ये एका नियतकालिकाने त्यांतल्या लबाडीचे पितळ उघडे पाडले. त्याच १९३७ पासून रोआनोकला उन्हाळ्यात उघड्यावर नाटक होते. लेक म्हणाली थांबूया, मी म्हटले शेवट मला ठाऊक आहे, हॅटरसला चल. रस्त्याने दीड तास. मधे पूल आहे. व्हाइटला तो असता तर त्याच दुपारी नात भेटली असती.

तेव्हा संपादक महोदय, दुरुस्तीचा खुलासा छापाल की नाही ते तुमच्यावर सोडतो. पण पुढच्या पुरवणीत एक साधा नकाशा जरूर छापा, ज्यात रोआनोक आणि हॅटरस एकाच चौकटीत दिसतील आणि मधली वाळूची पट्टी, दांडे, मुखे दाखवलेली असतील. शक्य झाल्यास पाण्याची खोलीही. पोरांना परग्रहापेक्षा त्यात जास्त मजा येईल, निदान ज्यांच्या घरी कुणी बार्जीवर होते त्यांना तरी. फर्नांडिसच्या चौकटीतला ‘दगाबाज’ हा शब्द मागे घ्या किंवा त्याच्यापुढे ‘व्हाइटच्या म्हणण्याप्रमाणे’ एवढे तरी टाका.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बार्ज मास्टर,
म्हार्दोळ, फोंडा

ता.क. : लेखाच्या तिसऱ्या रकान्यात क्रोआटोअनचे ‘क्रोएशिया’ झाले आहे. तो युरोपातला देश. शोधायला तिकडे कुणी गेले असेल तर लवकर परत बोलवा.